मांडीवरचे वाद्य

अमेरिकेतील केंटकी राज्यात विंचेस्टर नावाचे एक लहानसे गाव आहे. ११ डिसेंबर २००६ रोजी त्या गावी होमर लेडफर्ड नावाचे एक वृद्ध कारागीर वयाच्या ७९ व्या वर्षी निवर्तले. आपल्या हयातीत त्यांनी सहा हजारांच्या आसपास डल्सिमर घडवले. त्यांतील बहुतेक वाद्ये कधीच मोठ्या रंगमंचावर गेली नाहीत. ती गेली घराघरांत, खुर्चीवर बसलेल्या कोणा आजीच्या, शाळकरी मुलीच्या, कामावरून परतलेल्या गृहस्थाच्या मांडीवर. गुणिजनांचे स्मरण करताना गायकाचे नाव आपल्या ओठांवर सहज येते. त्याच्या मागे वाजणारा तंबोरा कोणी घडवला, हे विचारणारे श्रोते फार थोडे. वाचकहो, म्हणूनच आज या सदरात एका वाद्यकाराचे स्मरण करावे, असे योजिले आहे.

प्रथम वाद्याचा परिचय करून घेऊ. डल्सिमर हे नाव युरोप-अमेरिकेत दोन अगदी निराळ्या वाद्यांना लाभलेले आहे, आणि त्यामुळे नवख्याचा हमखास गोंधळ होतो. एक डल्सिमर दोन काड्यांनी तारांवर आघात करून वाजवतात; ते आपल्या संतूरच्या गोत्रातले. लेडफर्ड यांचे वाद्य ते नव्हे. त्यांचे वाद्य डोंगरी डल्सिमर. अमेरिकेच्या पूर्वेकडे उत्तर-दक्षिण पसरलेल्या ॲपलाचियन पर्वतरांगांत ते वाढले. लांबट, उथळ, हात सव्वा-दोन हातांची एक पेटी; बहुधा मध्ये कंबरेशी निमुळती झालेली. तिच्या वरच्या फळीवर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंच पट्टी, तिच्यावर पडदे आणि पडद्यांवरून जाणाऱ्या तीन तारा. फळीला आवाज बाहेर पडण्यासाठी चार छिद्रे असतात, आणि ती पुष्कळदा हृदयाच्या आकाराची कोरलेली असतात. वाजवणारा ते मांडीवर आडवे ठेवतो. जुन्या पद्धतीत डाव्या हातात बोटभर लांबीची लाकडी दांडी असे आणि उजव्या हातात तासलेल्या पिसाची लवचिक काडी. दांडी केवळ पहिल्या तारेवरून सरकते, त्या तारेवर चाल निघते. उरलेल्या दोन तारा मोकळ्याच छेडल्या जातात आणि अखंड एकच सूर धरून राहतात. आपल्या कानाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची आस आणि गाणाऱ्याचा गळा ही दोन्ही एकाच पेटीत बसवली, तर जे होईल ते हे वाद्य.

याच्या पडद्यांची मांडणी मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. गिटारवर किंवा पियानोवर सप्तकाचे बारा स्वर सापडतात. जुन्या डोंगरी डल्सिमरवर सातच. कोमल-तीव्रांचे वेगळे पडदे नाहीत. मग एकाच छापाची गाणी वाजतील काय? नाही. मूर्च्छनेची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उत्तर लगेच सापडेल. पडद्यांची तीच ओळ. षड्ज कोणत्या पडद्यावर मानायचा, एवढेच बदलायचे आणि त्यानुसार चालीची तार उतरवून वा चढवून घ्यायची. तिसऱ्या पडद्यावर षड्ज मानला, तर आपल्या बिलावलाचे स्वर मिळतात. मोकळ्या तारेवर मानला, तर खमाजाचे. पहिल्या पडद्यावर आसावरीचे आणि चौथ्यावर काफीचे. डोंगरातल्या माणसांनी यांतील कोणत्याही शास्त्राचे नाव ऐकलेले नव्हते. उदास कथागीतासाठी तार अमुक लावायची, नाचाच्या गतीसाठी तमुक, एवढे त्यांचे कान जाणत होते.

सात स्वरांच्या या मर्यादेतच वाद्याचा लोभसपणा आहे. विसंवादी पडदाच नाही, म्हणून नवशिक्याच्या हातून फारसे बेसूर काही निघत नाही. ज्याला चाल गुणगुणता येते, तो तासाभरात ती शोधून काढतो. म्हणूनच हे घरगुती वाद्य झाले. त्याचा आवाजही घरापुरताच: मंद, किंचित किणकिणता, चार माणसे गप्प बसली तरच नीट ऐकू येणारा. दोन पट्ट्या असलेला एक जोडडल्सिमरही त्या मुलखात होता. तो दोघांच्या मांड्यांवर मिळून ठेवायचा आणि समोरासमोर बसून वाजवायचा. लग्नाळू तरुण-तरुणी दिवाणखान्यात तो घेऊन बसत, आणि आत बसलेल्या वडीलधाऱ्यांना दोन्ही तारांचा आवाज ऐकू येत राहिला, की चारही हात गुंतलेले आहेत अशी त्यांची खात्री पटे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सांगणारे अजून हसत सांगतात.

या वाद्याचा पूर्वज जर्मन वंशाच्या वसाहतकारांनी पेन्सिल्व्हेनियात आणलेले ‘शाइटहोल्ट’ नावाचे सरळ, अरुंद पेटीचे वाद्य, असे अभ्यासक मानतात. पुढे स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंडहून आलेली कुटुंबे डोंगराच्या आतल्या खोऱ्यांत वसली. त्यांच्यापाशी जुनी कथागीते विपुल होती आणि साथीला हाताशी असेल ते लाकूड. या दोहोंच्या मेळातून डोंगरी डल्सिमर घडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंटकीच्या नॉट परगण्यात जेम्स एडवर्ड थॉमस नावाचे कारागीर होते. ‘अंकल एड’ हे त्यांचे लोकप्रिय नाव. १८७१ पासून १९३३ मधील मृत्यूच्या आसपासपर्यंत त्यांनी सुमारे दीड हजार डल्सिमर केले, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि ते हातगाडीवर घालून गावोगाव विकले, असे सांगतात. त्याच परगण्यात १९०२ मध्ये हिंडमन येथे एक निवासी सेवाशाळा निघाली. तेथील शिक्षिकांना हे वाद्य आवडले. त्यांनी थॉमस यांच्याकडून वाद्ये घेतली आणि पूर्वेकडील शहरांतल्या स्नेह्यांना पाठवली. थॉमस यांचा नमुना पुढे चालवणारे जेथ्रो ॲम्बर्जी याच शाळेत सुतारकाम शिकवत.

तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डल्सिमर अगदी थोड्या खोऱ्यांत उरला होता. टपालाने मागवता येणारी गिटार आणि बँजो डोंगरापर्यंत पोहोचले. मागोमाग रेडिओ आला. त्यांच्या खणखणाटापुढे या हळव्या वाद्याचा निभाव लागणे कठीण होते. घरातले वृद्ध गेले, की भिंतीवरचा डल्सिमर माळ्यावर जाई आणि त्याच्या खुंट्या सुटून पडत.

अशा काळात, २६ सप्टेंबर १९२७ रोजी, टेनेसी राज्यातील आयव्हिटन या डोंगराळ खेड्यात होमर लेडफर्ड यांचा जन्म झाला. या मुलाला लहानपणापासून एकच नाद होता: खिशातल्या चाकूने लाकूड तासत बसण्याचा. चाकूचा हा सराव त्यांना जन्मभर पुरला. पुढे यंत्रे आली, विजेवर चालणारी करवत आली. पण नक्षीच्या आणि बारकाव्याच्या कामासाठी हाती चाकूच येई.

ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांना संधिवाताच्या तापाने गाठले. हा ताप हृदयालाही इजा करतो. शेतातली अवजड कामे या मुलाच्या वाट्याला येणार नाहीत, हे उघड होते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, प्रकृती सुधारत असताना, नॉर्थ कॅरोलायनातील ब्रासटाउन येथील जॉन सी. कॅम्पबेल लोकशाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली. ही शाळा १९२५ मध्ये डेन्मार्कच्या लोकशाळांच्या धर्तीवर स्थापन झाली होती. परीक्षा नाहीत, गुण नाहीत, पदवी नाही. गावच्या माणसांनी एकत्र राहावे, गावे, नाचावे आणि हातांनी काही करायला शिकावे, एवढाच अभ्यासक्रम. चाकूने लाकूड कोरणाऱ्यांची तर तेथे परंपराच उभी राहिली होती. याच शाळेत लेडफर्ड यांच्या हाती दुरुस्तीसाठी एक डल्सिमर आला. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू उघडून आतून पाहावी लागते: फळी किती पातळ ठेवली आहे, पट्टी आतून पोकळ आहे की भरीव, बाजूच्या पट्ट्या कशा वाकवल्या आहेत. मूळ कारागिराने जे कधी बोलून दाखवले नसते, ते त्याच्या कामाने सांगितले. ते वाद्य पाहून लेडफर्ड यांनी दुसरे केले, मग तिसरे केले, आणि हाताला वळण लागले. गुरूने समोर बसून शिकवावे तरच विद्या येते असे नाही. गुरूची तुटलेली वस्तू पुढ्यात असली तरी ती येते. मात्र शिष्याला डोळे हवेत.

त्यानंतर त्यांनी बेरिया येथील महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिकवणीचे शुल्क न घेता विद्यार्थ्यांकडून काम करून घेणारी ही संस्था डोंगरातल्या गरीब मुलांचा मोठाच आधार होती. पुढे ईस्टर्न केंटकीच्या महाविद्यालयातून १९५४ मध्ये ते पदवीधर झाले आणि शाळेत हस्तव्यवसायाचे शिक्षक म्हणून लागले. प्रथम लुइव्हिल येथे आणि नंतर विंचेस्टर येथे. शाळेची नोकरी, ठरलेला पगार, संसार, आणि संध्याकाळी घरी डल्सिमर. असेच आयुष्य गेले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. परंतु मागणी वाढत होती, आणि शाळा व वाद्ये ही दोन्ही कामे एका माणसाच्या दिवसात मावेनाशी झाली. १९६३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

या निर्णयापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. आज मागे वळून पाहताना तो शहाणपणाचा दिसतो, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी तसे दिसत नसणार. वयाची पस्तिशी ओलांडलेला, घरसंसार असलेला शिक्षक, बहुसंख्य अमेरिकनांनी नावही न ऐकलेल्या वाद्यावर पोट भरण्यास निघतो, ही गोष्ट लहान नव्हे. कलेसाठी सर्वस्व सोडणाऱ्यांच्या कथा आपण कौतुकाने ऐकतो, पण त्या कथांत किराण्याचे बिल कधी येत नाही. लेडफर्ड यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी नोकरी सोडली ती भरवशाचा कारागीर होण्यासाठी. मागणी आली की माप घ्यायचे, लाकूड निवडायचे, वाद्य करायचे, पाठवायचे. घराच्या तळघरात कामाची जागा होती. तेथेच ती सहा हजार वाद्ये आकाराला आली.

काळाचीही साथ होती. शहरांतल्या तरुणांना लोकगीतांची ओढ लागण्याचे ते दिवस. या ओढीच्या मुळाशी केंटकीचीच एक कन्या होती. व्हायपर या खेड्यात चौदा भावंडांत धाकटी म्हणून जन्मलेल्या जीन रिची समाजकार्य शिकून न्यूयॉर्कला गेल्या आणि सोबत वडिलांच्या घरचा डल्सिमर व गाणी घेऊन गेल्या. लहानपणी वडील त्या वाद्याला कोणाला हात लावू देत नसत, आणि या पाच-सहा वर्षांच्या पोरीने ते चोरून वाजवत चाल बसवली होती, ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. डल्सिमर कसा वाजवावा हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९६३ मध्येच प्रसिद्ध झाले, म्हणजे लेडफर्ड यांनी शाळा सोडली त्याच वर्षी. जीन रिची यांनी वाद्याची ओळख दूरवर करून दिली. ओळख झालेल्या माणसाला वाद्य विकत घ्यायचे, तर ते करणारे हातही हवेत. लेडफर्ड त्या हातांपैकी एक होते.

वाद्य करण्याची रीत सांगायला सोपी आहे. अक्रोड, चेरी अशा झाडांच्या वाळलेल्या फळ्या घ्यायच्या, रंधून पातळ करायच्या. बाजूच्या पट्ट्या ओलावा आणि उष्णता देऊन साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या. तळ, बाजू, वरची फळी सरसावर जोडून शिकंज्यात आवळून ठेवायची. मधली पट्टी आतून कोरून हलकी करायची, कारण ती जड राहिली तर वरची फळी मुकी होते. मग पडदे. त्यांच्या जागा केसाइतक्याही चुकून चालत नाहीत. शेवटी खुंट्यांच्या डोक्यावरची वळी, छिद्रांची नक्षी, घासणे आणि पॉलिश. अवघड आहे ते हे सगळे सहा हजार वेळा करूनही पुढच्या फळीकडे पहिल्याच्या उत्सुकतेने पाहणे. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचा नाद सारखा नसतो.

लेडफर्ड स्वतः वादक होते, आणि त्यांच्या कामगिरीची किल्ली मला येथे दिसते. केवळ कारागीर असता तर माणूस दिसण्यावर भर देतो. केवळ वादक असता तर घडवण्याच्या खटाटोपात पडत नाही. लेडफर्ड डल्सिमर तर वाजवतच. शिवाय गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल ही वाद्येही त्यांना वश होती. ‘केबिन क्रीक’ नावाचा त्यांचा वाद्यवृंद ब्लूग्रास शैलीचे संगीत सादर करी. सुताराची करवत गुडघ्यांत धरून तिच्या पात्यावर गज फिरवत सूर काढण्याची कलाही त्यांना अवगत होती. ज्या अवजाराने लाकूड कापायचे त्याच्यातूनही गाणे काढणारा हा माणूस. त्याच्या घरी वाद्य आणि हत्यार यांत फारसा भेद नसावा, असे मनात येते.

वादक असल्यामुळेच वाजवणाऱ्यांच्या अडचणी त्यांना कळत. येथे परंपरेचा जुना प्रश्न उभा राहतो. जुन्या डल्सिमरला लाकडी खुंट्या असत. हवा दमट झाली की त्या फुगत, कोरडी झाली की घसरत. पडदे तारेच्या वाकवलेल्या तुकड्यांचे असत आणि पुष्कळदा ते केवळ चालीच्या तारेखालीच असत. गिऱ्हाइके धातूच्या दातेरी खुंट्या मागू लागली. कोणाला चौथी तार हवी, कोणाला सगळ्या तारांखाली पडदे हवेत, तर कोणाला सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये आणखी एक पडदा हवा. या शेवटच्या मागणीचे कारण आपल्या वाचकांस समजेल. मोकळ्या तारेवर षड्ज मानला, तर सहाव्या पडद्यावर कोमल निषाद येतो. शुद्ध निषाद हवा, तर तार बदलून लावावी लागते. मधला जादा पडदा बसवला की दोन्ही निषाद हाताशी आले. पुष्कळ वादकांना तो आज अपरिहार्य वाटतो, आणि जुन्या वळणाचे काहीजण अजून त्याला नाक मुरडतात.

लेडफर्ड यांनी या बाबतीत हटवादीपणा केला नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक जेराल्ड ॲल्व्ही यांनी त्यांच्या कारागिरीवर १९८४ मध्ये ‘डल्सिमर मेकर’ हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. वाद्य घडते ते कारागीर आणि गिऱ्हाईक या दोघांच्या संवादातून, हे त्यातून उमगते. लेडफर्ड यांनी नवी वाद्येही शोधली. डल्सिमर आणि गिटार यांचा संकर ‘डल्सिटार’, बँजोशी केलेला संकर ‘डल्सिजो’. तरी वरची आकृती, कंबरेची ती गोलाई, हृदयाकृती छिद्रे, दोन तारांवरचा तो अखंड सूर, हे त्यांनी राखले. काय बदलले तर वाद्य वाजवणाऱ्याला सुलभ होईल आणि काय बदलले तर ते डल्सिमरच राहणार नाही, ही रेघ कोठे ओढायची हे त्यांचा हात ओळखत होता. शुद्धतेचा आग्रह धरून डल्सिमर काचेच्या कपाटात ठेवणारे त्या काळी होतेच. उलट बाजूला, बाजार मागेल तसे काहीही करून देणारेही होते. माझ्या मते पहिल्यांनी या वाद्याचे अधिक नुकसान केले असते, कारण कपाटातली वस्तू खराब होत नाही आणि वाजतही नाही.

मोठ्या जगाने नंतर दखल घेतली. १९७१ मध्ये जोनी मिचेल या गायिकेच्या ‘ब्लू’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत डोंगरी डल्सिमर ऐकू आला. २००१ मध्ये केंटकीने त्याला राज्याचे अधिकृत वाद्य म्हणून मान्यता दिली. लेडफर्ड यांची वाद्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात पोहोचली, म्हणजे एका अर्थाने तीही कपाटात गेली. त्याने बिघडले काहीच नाही. हजारो इतरत्र वाजत होती.

संख्येकडे पुन्हा एकदा पाहावे. डल्सिमरांखेरीज त्यांनी चारशेहून अधिक बँजो केले. मँडोलिन, गिटार, युकुलेली आणि चार-दोन व्हायोलिनही केली. ज्यांवर त्यांच्या कल्पकतेची स्वतंत्र मोहोर आहे, ती डल्सिटार-डल्सिजो ही वाद्ये या साऱ्यांत अगदीच थोडी भरतात. उरलेली सहा हजार म्हणजे लोकशाळेत दुरुस्तीला आलेल्या त्या मोडक्या डल्सिमरचीच भावंडे: कंबरेशी निमुळती, छिद्रे हृदयाच्या आकाराची, डोक्याशी चाकूने कोरलेली वळी.